दोन दिवसात खाज गेली, तिथेच शंका यायला हवी होती

मी काही फार भोळी नाही, पण आपला कुत्रा रात्रभर स्वतःचे पंजे चावत बसलेला बघितला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो. आमचा बंड्या चार वर्षांचा. पोटाखाली लाल चट्टे, शेपटीच्या मुळाशी केस गेलेले, आणि रात्री दोन वाजता तो चाटण्याचा चप चप आवाज, ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीये. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून मी नॅचरल काहीतरी शोधायला लागले आणि आयतीच सापडले त्यांना.

ऑनलाइन विकणारा होता एक. त्याने आधी बंड्याचे केस मागवले, म्हणे केसांवरून ॲलर्जी कळते. रिपोर्ट आला, भली मोठी यादी, त्यातल्या अर्ध्या गोष्टी बंड्याने जन्मात हुंगल्यासुद्धा नाहीत. (नंतर वाचलं की संशोधकांनी अशा केस-लाळेच्या टेस्टला खोटी फर आणि नुसतं मिठाचं पाणी पाठवून बघितलं होतं, तर त्यालाही ॲलर्जी निघाली! हसावं का रडावं.) आणि रिपोर्टखाली उपाय तयारच, त्यांचीच हर्बल पावडर. "ताई, शंभर टक्के जडीबुटी आहे, साइड इफेक्टचा प्रश्नच नाही." डबीवर पानाफुलांची चित्रं, पण आत काय आहे, किती आहे, बॅच नंबर, बनवणारा कोण, काही म्हणजे काही नाही. विचारलं तर म्हणे खानदानी फॉर्म्युला आहे, सांगता येत नाही.

आणि पावडर लागू पडली की हो! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज बंद, बंड्या गाढ झोपला आणि मीपण. चौथ्या दिवशी मी खुशीत त्या माणसाला आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो पाठवले, वर अजून दोन डब्या मागवल्या.

तीनेक आठवड्यांनी बघते तर पाण्याचं भांडं सकाळी भरलं की दुपारी रिकामं, कधी नव्हे ते घरात सू करायला लागला, खाणं संपलं तरी भांडं चाटत उभा, पोट गोल सुटलेलं. मी आपली समजतेय तब्येत सुधारली! मग डबी संपली आणि दुसरी यायला उशीर झाला, तर चार दिवसात उलट्या, अंगात जीव नाही, उठायलाच तयार नाही. उचलून नेला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, स्टिरॉइड किती दिवस चालू होतं? म्हणलं छे हो, फक्त हर्बल पावडर. ते काही बोलले नाहीत, रक्त घेतलं, एक इंजेक्शन दिलं, तासाभराने परत रक्त घेतलं. रिपोर्टमध्ये बंड्याचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायचं जवळपास थांबलेलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की असं होतं म्हणे, आणि ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. मग खरं स्टिरॉइड मोजून देऊन हळूहळू उतरवावं लागलं, कितीतरी आठवडे गेले त्यात.

आता गंमत ऐका. त्याच दिवशी डॉक्टरांनी शेपटीजवळ बारीक कंगवा फिरवला, काळे कण निघाले, मिरपुडीसारखे. ते ओल्या टिश्यूवर टाकले तर भोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी, एकदोन चावेसुद्धा पुरतात, आणि चाटून चाटून कुत्रा पिसवाच गिळून टाकतो म्हणून आपल्याला दिसत नाहीत. त्या लांबलचक यादीत पिसू नव्हती!

नॅचरल उपाय नसतातच असं नाही. पिसवांचं औषध चालू झाल्यावर डॉक्टरांनीच सांगितलं, ओट्स बारीक दळून कोमट पाण्यात घालून दहा मिनिटं अंगावर ठेवा, खाज जरा शमते. माशाचं तेल पण दिलं, वजनाप्रमाणे मोजून, पण त्याचा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात हे आधीच बजावलं. टी ट्री ऑइल लावू का विचारलं तर जवळजवळ ओरडलेच, कुत्र्यांना ते विषारी आहे, थरथर सुटते, तोल जातो. व्हिनेगरही सोललेल्या कातडीवर आग करतं. हे त्या विकणाऱ्याला विचारलं असतं तर त्याने दोन्हीच्या बाटल्या पाठवल्या असत्या.

त्याला मेसेज केला तर आधी म्हणाला "ताई, तुम्ही डोस चुकवला", मग ब्लॉक. उरलेली डबी मी ठेवलीये, तक्रारीसोबत द्यायला. परवा त्याची जाहिरात परत दिसली, वेगळं नाव, वेगळी डबी, पण आधी-नंतरच्या फोटोतला कुत्रा उजव्या कानाची कड फाटलेला. आमचा बंड्याच तो, मीच पाठवलेले फोटो.