जमिनीच्या किमतीचा रकाना

रोखे आणि व्याजदरांच्या व्यवहारात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला बांधकाम विकासाच्या धंद्यात उतरायचे असले, की त्याची पहिली कोंडी ठरलेली असते. पूर्ण केलेला प्रकल्प गाठीशी नसल्याने कर्ज देणारी संस्था त्याला दारात उभे करत नाही, आणि कर्ज नसल्याने पहिला प्रकल्प उभा राहत नाही. ही कोंडी फोडून देण्याची तयारी दाखवणाऱ्या विकासकाने माझ्याकडे शिकवणीचे शुल्क मागितले नाही. नव्या प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीत मला संचालक आणि छोटा भागीदार करून घ्यायचे, आर्थिक आराखडा माझ्यावर सोपवायचा आणि त्या बदल्यात जागेवरचे काम शिकवायचे, असा त्याचा प्रस्ताव होता. माझी बचत त्याच्या लेखी किरकोळ होती. त्याला हवी होती ती माझी स्वच्छ पत, माझ्या शब्दावर पैसे गुंतवणारी माणसे आणि कर्जाच्या हमीपत्रावर माझी सही.

आमच्यासारख्यांना गणितात फसवणे अवघड असते, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. त्याने दिलेल्या एक्सेलमध्ये परताव्याचा दर, कर्जाचे टप्पे, विक्रीचा वेग, दिरंगाईची तरतूद हे सारे सूत्रांनी नीट जोडलेले होते आणि कोणताही आकडा बदलला की शेवटचा नफा हवा तसा हलत होता. फक्त जमिनीच्या किमतीच्या रकान्यात सूत्र नव्हते, थेट टाइप केलेला आकडा होता. शेजारच्या ‘आधार’ या रकान्यात ‘मूल्यांकन अहवालानुसार’ एवढेच लिहिले होते. तो अहवाल खरा होता, त्यावर सही करणारा मूल्यांककही खरा होता. अहवालात नव्हते ते एवढेच, की विकासकाच्याच एका भगिनी कंपनीने थोड्याच दिवसांपूर्वी मूळ मालकाशी साठेखत करून ती जमीन बऱ्याच कमी किमतीत बांधून ठेवली होती.

हा खेळ आकड्यांत मांडला की लगेच कळतो. भगिनी कंपनीने 60 ला ठरवलेली जमीन प्रकल्पाच्या कंपनीला 100 ला दिली. त्यातले 60 गुंतवणूकदारांच्या रोख पैशातून मूळ मालकाला गेले आणि उरलेले 40 ‘विकासकाचे भांडवल’ म्हणून वह्यांत जमा झाले. म्हणजे खिशातून काही न घालता तो सर्वांत मोठा भागीदार ठरला. प्रकल्प बुडाला तर त्याचे जाणार काय, तर कागदावरचे 40. वाढीव किमतीने जमीन भागीदारीत आणणे हा स्वतः गुन्हा नव्हे, हे न्यायाने सांगायला हवे. वर्षानुवर्षे जमीन सांभाळून बांधकामाची परवानगी मिळवणाऱ्याने त्याचा मोबदला मागणे रास्तच असते. मात्र खरेदीची मूळ किंमत, तारीख आणि विकणाऱ्याशी असलेले नाते भागीदारांपासून लपवले, की तो मोबदला राहत नाही, ती चोरी होते. म्हणून मूल्यांकन अहवालाबरोबर मूळ मालकाशी झालेला करार आणि प्रत्यक्ष पैसे दिल्याची बँकेतील नोंद मागावी. प्रामाणिक विकासकाला ती दाखवायला अर्धा दिवसही लागत नाही.

पुढे काही गुंतवणूकदारांना ‘अंतरिम परतावा’ मिळू लागला आणि सगळ्यांचा विश्वास घट्ट झाला. बांधकाम पायाच्या वर आलेले नसताना, एकही सदनिका विकली गेलेली नसताना हा परतावा नंतर आलेल्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जात होता. चार्ल्स पॉन्झी या माणसाचे नाव 1920 मधल्या बोस्टनच्या घोटाळ्यामुळे अशा योजनांना कायमचे चिकटले, हे वित्तक्षेत्रात सर्वांना ठाऊक असते. पुढे 1925 मध्ये त्याने फ्लोरिडात भूखंडांचा धंदा मांडला आणि विकलेल्या जमिनीत दलदलीचे तुकडे निघाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जमीन हा अशा लोकांचा आवडता माल असतो, कारण तिची किंमत रोज बाजारात उघडपणे ठरत नाही. रोख्याचा भाव पडद्यावर दिसण्याची सवय झालेल्यांना तर हा फरक उशिरा जाणवतो.

बांधकाम कर्ज एकरकमी मिळत नाही. झालेले काम आणि जागेवर आणलेले साहित्य तपासून ते टप्प्याटप्प्याने सुटते. आमचा कंत्राटदार प्रत्येक मागणीबरोबर बिले आणि छायाचित्रे जोडत असे. कर्जदात्याच्या अभियंत्याने एकदा दोन वेगवेगळ्या मागण्यांमधली सळ्यांच्या मोळ्यांची छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा मोळ्यांना बांधलेल्या पत्र्याच्या चिठ्ठ्यांवर बॅचचाच नव्हे, तर मोळीचा क्रमांकही तोच निघाला. एकच पोलाद दोनदा बिलात लागले होते आणि मधल्या काळात ते दुसऱ्या जागेवर हलवलेही गेले होते. कंत्राटदार कंपनीचा नोंदणीकृत पत्ता भगिनी कंपनीच्या पत्त्याशी जुळला, तेव्हा उरलेला उलगडा आपोआप झाला. अभियंत्याने हे पाहिले ते त्याच्या मालकाच्या पैशासाठी. गुंतवणूकदारांच्या वतीने जागेवर जाणारे स्वतंत्र कोणीच नव्हते, आणि करारात तशी सोय मागितल्यावर विकासकाने ‘विनाकारण खर्च’ म्हणून ती उडवून लावली होती.

कर्जाचे टप्पे थांबले, व्याज चालूच राहिले आणि मागणीची नोटीस माझ्या घरी आली. हमीपत्रातली जबाबदारी ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ अशी होती. कंपनीतला माझा हिस्सा कितीही लहान असला, तरी कर्जदाता संपूर्ण रक्कम एकट्या माझ्याकडून मागू शकतो, असा तिचा अर्थ. विकासकाच्या नावावर वसूल करण्यासारखे काही नव्हतेच, कारण त्याची मालमत्ता आधीच कुटुंबातल्या इतरांच्या नावे गेली होती. हमी द्यावीच लागत असेल, तर ती हिश्श्याच्या प्रमाणात आणि ठरावीक रकमेपुरतीच असावी, सहहमीदारांच्या मालमत्तेचे विवरण सही करण्यापूर्वी हाती यावे, आणि हे सारे आपल्या स्वतःच्या वकिलाने वाचावे. आमच्या व्यवहारात ‘सगळ्यांसाठी एकच’ म्हणून नेमलेल्या वकिलाचे शुल्क विकासक भरत होता.

संचालकपदाचा राजीनामा दिल्याने हमी संपत नाही. त्यासाठी कर्जदात्याचे लेखी मुक्तिपत्र लागते, आणि ते देण्यापूर्वी त्याने माझ्या जागी तितकीच पत असलेला दुसरा हमीदार मागितला आहे. विकासकाने त्यासाठी वित्तक्षेत्रातल्याच आणखी एका होतकरू अधिकाऱ्याशी बोलणी सुरू केल्याचे मला कळले आहे. त्यालाही संचालकपद, छोटा हिस्सा आणि जागेवरचे शिक्षण देऊ केले आहे. त्याच्यापर्यंत थेट पोहोचण्याचा मार्ग माझ्याकडे नाही, म्हणून हे इथे लिहितो आहे.