शेतकरी कंपनीच्या पेमेंट अ‍ॅपसाठी जेसन, प्रोटोबफ की सीबॉर?

समजा आर्णी-दारव्ह्याकडच्या एखाद्या शेतकरी कंपनीचं काम तुम्ही अंगावर घेतलंय. सभासदानं आधी पैसे जमा ठेवायचे, मंग कंपनीच्याच दुकानातून खत-बियाणं उचलायचं, अन् रेंज गेली तरी मोबाइलवरून पावती फाडता आली पाहिजे. अशा कामात पहिला वाद डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये पाठवायचा याच्यावरच होते. जेसन, प्रोटोबफ, सीबॉर हे असेच फॉरमॅट, म्हणजे तोच डेटा लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती. नेटवर पाहाल तर जो तो स्पीडचे चार्ट दाखवतो, कोण किती मायक्रोसेकंदात पार्स करतो (लिहिलेलं वाचून उलगडतो) वगैरे. ते सोडा बाप्पा, पेरणीच्या तोंडावर दुकानात कितीही गर्दी झाली तरी तेवढ्यानं सर्व्हर बसत नाही. दोनच गोष्टी पाहायच्या: तोच व्यवहार दोन वेगवेगळ्या फोनवर एन्कोड केला (त्या फॉरमॅटमध्ये लिहिला) तर बाइट न् बाइट सारखा येतो का, कारण डिजिटल सही बाइटवर होते, अर्थावर नाही, अन् सहीसकट तो माल एका एसएमएसमध्ये नाहीतर साध्या क्यूआरमध्ये मावतो का.

फॉरमॅट कोणताही घ्या, रक्कम पैशात अन् पूर्णांकात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ ला १०० नं गुणलं की १९९८.९९९९९९९९९९९९८ येते, अन् पुढं कोणी अपूर्णांक छाटला की एक पैसा गायब.

जेसन सगळ्यांना येते, तालुक्याच्या ठिकाणी बसलेला पोरगाही लॉग उघडून वाचू शकतो, अन् हा फायदा लहान नाही कारण पुढं पाच वर्षं हे सांभाळणारा तोच आहे. पण सहीचा विषय आला की जेसन रडवते. फील्डची (रकान्यांची) नावं कोणत्या क्रमानं लिहायची, मधात स्पेस किती, काही ठरलेलं नाही. तेच फील्ड दोनदा आलं तर एक लायब्ररी पहिलं धरते, दुसरी शेवटचं, अन् ते फील्ड रकमेचं असलं तर पाहून घ्या काय होईल. २०२० मध्ये आरएफसी ८७८५ आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), त्यात जेसन एका ठरावीक साच्यात कसं लिहायचं ते सांगितलंय, पण मराठीवाल्यांची एक अडचण त्यातही राहतेच: 'शेतकऱ्याचे' मधला ऱ युनिकोडमध्ये एकाच कोडनं लिहिता येतो, नाहीतर र अन् खाली नुक्ता असा दोन कोडनंही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे, अन् हे नियम अक्षरांना हात लावत नाहीत, म्हणजे एका कीबोर्डवर टाइप केलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरच्या नावाशी जुळत नाही अन् सही फेल. हे सीबॉरमध्येही होईल, प्रोटोबफमध्येही होईल. म्हणून सही होणाऱ्या पावतीत नाव टाकूच नका, सभासद क्रमांक टाका. जागाही वाचते, 'यवतमाळ' एवढं लिहायला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत) १८ बाइट जातात, अन् पायथॉनचं साधं जेसन तेच एस्केप करून (अक्षराऐवजी त्याचा कोड लिहून) ३६ करते.

एक्सएमएल हे टॅगवालं आणखी एक फॉरमॅट तुम्ही निवडत नसता, समोरचा लादतो. यूपीआयचे आतले मेसेज सही केलेल्या एक्सएमएलमध्येच चालतात, आरटीजीएस आयएसओ २००२२ या बँकांच्या मेसेजच्या प्रमाणावर आहे, पण तुम्ही काही त्यांच्याशी सरळ बोलत नाही, मधात बँक असते अन् ती बहुतेक जेसनचीच एपीआय (तिच्या सिस्टिमशी बोलायची खिडकी) हातात देते. कार्डच्या स्विचला (कार्डाचे व्यवहार बँकांकडे वळवणाऱ्या सिस्टिमला) जोडायचं असेल तर आयएसओ ८५८३, एटीएमवाल्यांचं बिटमॅपचं जुनं घराणं. आपल्याला काहून लागते ते?

प्रोटोबफ गुगलनं २००८ मध्ये खुलं केलं. लहान, पक्कं, स्कीमा (कोणती फील्ड, कशा प्रकारची याचा आराखडा) आधी लिहावी लागते म्हणून शिस्त आपोआप येते. दोन खोच आहेत. एक, त्यांच्याच कागदपत्रांत साफ लिहिलंय की याचं आउटपुट कॅनॉनिकल (एकाच ठरावीक रूपाचं) नाही, आवृत्ती बदलली की बाइट बदलू शकतात. म्हणजे सही केलेले बाइट जसेच्या तसे जपून ठेवायचे, उघडून पुन्हा बांधायचे नाहीत (ही सवय तशी कोणत्याही फॉरमॅटला लावावी). दोन, प्रोटो३ मध्ये (प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत) साध्या फील्डची किंमत शून्य असली की ते फील्ड पाठवलंच जात नाही, मंग 'रक्कम शून्य' अन् 'रक्कम टाकलीच नाही' यातला फरक कळत नाही, मुद्दाम स्कीमात 'ऑप्शनल' हा शब्द लावावा लागते. पैशाच्या कामात हे मला आवडत नाही.

माझं मत सीबॉरकडं. आरएफसी ७०४९ नं २०१३ मध्ये आलं, २०२० मध्ये ८९४९ झालं. जेसनसारखंच पण बायनरी (अक्षरांऐवजी थेट बाइट), अन् एकच ठरावीक रूप काढायचे नियम मूळ कागदातच आहेत, सहीसाठी कोसे नावाचं तयार प्रमाण आहे. फिंगरप्रिंटवरून वेबसाइटवर लॉगिन होते ना, पासकीवालं, त्याच्या आत हेच आहे. हिशोब करा: आवृत्ती, सभासद, दुकान, रक्कम, वेळ, काउंटर (पावतीचा चढता क्रमांक) मिळून पंचवीसेक बाइट, एड२५५१९ या सहीच्या पद्धतीची सही ६४ बाइट, कोसेचं वेष्टन धरून शंभराच्या आसपास. बेस६४ केलं (बाइट साध्या अक्षरांत लिहिले) तरी एसएमएसच्या १६० अक्षरांत बसते. जेसनमध्ये फील्डची नावं अन् अवतरणचिन्हंच एवढी जागा खातात की दुसरा एसएमएस लागतो, अन् मेळघाटासारख्या भागात दुसरा कधी पोचेल ते टॉवरलाच माहीत. क्यूआरचंही तेच. कोविनच्या प्रमाणपत्रात सही केलेलं जेसन झिप करून टाकलं होतं, म्हणून तो क्यूआर एवढा दाट झाला. युरोपच्या कोविड प्रमाणपत्रात सीबॉर अन् कोसे होतं. तडा गेलेल्या स्क्रीनवरचा क्यूआर भर उन्हात स्वस्तातल्या फोननं वाचायचा असला की हा फरक जाणवते.

पण डोळे झाकून घेऊ नका. ठरावीक रूप आपोआप मिळत नाही, लायब्ररीला सांगावं लागते. त्यात जुन्या ७०४९ मध्ये फील्डची नावं आधी लांबीवरून लावायची, नव्यात सरळ बाइटच्या क्रमानं, म्हणजे दोन लायब्ररी दोन तऱ्हा करू शकतात. मॅप (नाव अन् किंमत अशा जोड्या) वापरूच नका, फील्ड ठरलेल्या क्रमानं अ‍ॅरेत टाका, भानगडच नाही. अन् लॉगमध्ये पाहणाऱ्याला कळावं म्हणून तीच पावती उलगडून शेजारी जेसनमध्ये लिहून ठेवा, फक्त वाचायला, सही तपासायला नाही. ऑफलाइनमध्ये एकच पैसा दोन दुकानांत खर्च होणं हे मात्र कोणताही फॉरमॅट थांबवत नाही, त्याला काउंटर अन् सभासदामागं रकमेची मर्यादा हाच उपाय.

अन् दुकान एकच असलं, वायफाय असलं, ऑफलाइनची गरजच नसली तर एवढी उठाठेव कशाला, एचटीटीपीएसवर साधं जेसन ठेवा अन् रक्कम पैशात लिहा.