मशीन की पिशवी? ठाण्यातल्या घराचा हिशेब

किडन्या निकामी झाल्या की डॉक्टर डायलिसिसचे, म्हणजे रक्त साफ करण्याचे, मशीनवर आणि पोटातून असे दोन्ही पर्याय सांगून "ठरवून कळवा" म्हणतात आणि घरात पहिला प्रश्न येतो, एका वेळेला किती पडतील? आमच्याकडेही तोच आला होता. आईचं आधी मशीनवर, मग पोटातून, असं दोन्ही झालंय म्हणून सांगते, दराचा विचार सगळ्यात शेवटी करा.

मशीनवर, म्हणजे केंद्रात जाऊन हातातल्या सुयांवाटे रक्त मशीनमधून फिरवून साफ करणं, आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास. कागदावर १२ तास. पण घोडबंदर रोडची रिक्षा, बेड रिकामा होईपर्यंत ताटकळणं, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, घरी येऊन गळून पडणं धरलं तर ते तिन्ही दिवस गेलेच. सोबत जाणाऱ्याचेही. माझा कापलेला पगार कुठल्याच बिलावर दिसला नाही. धर्मादाय केंद्रात एका वेळेचे काहीशे रुपये, खासगीत दीड-दोन हजार, कधी जास्तही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात मोफत होऊ शकतं. रेशनकार्ड, आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. वार सोम-बुध-शुक्र असतील तर रविवार जड जातो. पाणी अंगात साठतं, आडवं झालं की दम लागतो. शहाळं, केळं बंदच.

पोटातून, म्हणजे सीएपीडी: पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतला द्रव आत सोडायचा आणि काही तासांनी काढून नवा भरायचा. रोज ३-४ वेळा २ लिटरची पिशवी, दर वेळी अर्धा-पाऊण तास. खरं तर तास फारसे वाचत नाहीत, फक्त ते घरातले असतात. पण आई पुन्हा कुकर लावू लागली, पथ्य थोडं सैलावलं, आठवडाभर कुडाळलाही राहून आली.

अडचण जागेची. ३ पिशव्या धरल्या तरी महिन्याला ९०, म्हणजे १८० लिटर. वागळे इस्टेटच्या एका खोलीत हे खोके ठेवायचे कुठे? आमचे दिवाणाखाली आणि देवघराला टेकून. लिफ्ट नाही, वर चढवणारा वेगळे पैसे घेतो. पाणीकपातीच्या दिवशी हात धुण्यापुरतं पाणी राखून ठेवायचं, कारण जोडताना हयगय झाली की पोटात जंतुसंसर्ग. निघालेलं पाणी गढूळ दिसलं की तडक रुग्णालय. द्रवात साखर असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी नीट विचारून घ्यावं. पिशव्यांना महिन्याला वीस हजारांच्या पुढे लागतात. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून हा प्रकारही आहे, पण आपल्या रुग्णालयात मिळतो का, ते तोंडी नको, लेखी विचारा.

घरात काटेकोर हाताचं एक माणूस असेल, तर मी पिशवीच म्हणेन. पेशंट एकटा राहत असेल किंवा नजर अधू असेल, तर मशीन बरं, आणि केंद्र घराजवळचंच धरा. दोनशे रुपये वाचवायला कळव्याहून वाशी गाठू नका.

मशीनच ठरलं तर फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातातली शीर धमनीला जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, लगेच करून घ्या. तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात, आणि त्या हाताला बीपीचा पट्टाही बांधू द्यायचा नाही.