रद्द केलेलं बिल कुठे जातं?

परळच्या एका परमिट रूमवाल्या हॉटेलाच्या गळ्यात 'जीएसटी रेडी' म्हणून बिलिंग सॉफ्टवेअर मारलं गेलं. तीन वर्षांचे पैसे आगाऊ. डेमोत थर्मल प्रिंटरमधून झोकात बिल आलं, वर 27 ने सुरू होणारा जीएसटी नंबर, खाली अडीच-अडीच टक्के. मालक खूश.

बिल नंबर रोज सकाळी 1 पासून सुरू व्हायचा, हे सीएने पाहीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. नियमाप्रमाणे नंबर सलग हवा, 16 अक्षरांत बसणारा, आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. इथे 1 नंबरच्या बिलांचा ढीग.

खरं आमिष होतं ते विक्रेत्याने हळूच सांगितलेल्या 'सोयी'चं: दोन बटणं दाबली की रोखीचं बिल गायब, पुढचे नंबर आपोआप सरकतात. ही सरळ करचोरी. वर पकडली गेली तर विक्रेता नामानिराळा, नोटीस मालकाच्या नावावर. गंमत अशी की ती बटणं कॅशियरलाही कळली. केओटी (स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) जास्त, बिलं कमी, मधली रोकड त्याच्या खिशात.

बिअरचा घोळ निराळाच. 320 ची बांगडा थाळी, 300 ची बिअर. सॉफ्टवेअरने 620 वर 5 टक्के, म्हणजे 31 रुपये जीएसटी लावला. दारू जीएसटीत येतच नाही, तिच्यावर व्हॅट. खरा जीएसटी 16 रुपये. जादा घेतलेले 15 ठेवून घेता येत नाहीत, कर म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो.

स्विगी-झोमॅटोच्या ऑर्डरींवरचा कर 1 जानेवारी 2022 पासून ॲपवालेच भरतात. या सॉफ्टवेअरने त्या ऑर्डरी काउंटरच्या विक्रीत मिसळल्या आणि हॉटेलाने तोच कर पुन्हा भरला. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठराविक दराने कर भरायची योजना घेतलेल्या छोट्या हॉटेलवाल्यांना, तर बिलावर कराची ओळच चालत नाही, तिथे 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं असतं.

म्हणून डेमो आपल्या मेनूवर घ्या. एक बिल काढून रद्द करा, लगेच दुसरं काढा. नंबर पुढचाच यायला हवा, आणि रद्द बिल कारण, वेळ नि कॅशियरच्या नावासकट यादीत दिसायला हवं. संगणकाची तारीख 1 एप्रिल करून नवी मालिका सुरू होते का ते बघा. एकाच टेबलावर थाळी आणि बिअर टाका. सर्व्हिस चार्ज आपोआप चिकटत असेल तर तोही बंद करायला लावा.

शेवटी डेटा. त्या हॉटेलाची बिलं विक्रेत्याच्या सर्व्हरवर होती. करार मोडायचं म्हणताच बॅकअपचे वेगळे पैसे मागितले. हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो. तेव्हा पैसे देण्याआधी महिनाभराची बिलं एक्सेलमध्ये उतरवून आपल्या सीएला दाखवा, आणि बॅकअप फुकट मिळेल हे करारात लिहून घ्या.