जुन्या व्हील हॉर्सच्या इग्निशनचे पार्ट आणि हायवेवरचं ते दुकान: पाचपैकी चार स्टार

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

इकडे पेनसिल्व्हेनियात आमच्या गावाबाहेर हायवेला लागून लॉनमोअर आणि छोट्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचं एक दुकान आहे. बाहेर गंजलेल्या मोअर डेकची चळत, आत काउंटरमागे सत्तरीचे एक काका (मी मनातल्या मनात काकाच म्हणतो) आणि त्यांच्या मागे भिंतभर छोट्या छोट्या खणांचं कपाट. वेबसाइट नाही, फोन उचलला तर उचलला. माझ्याकडे सत्तरच्या दशकातला व्हील हॉर्स सी-१२० हा छोटा ट्रॅक्टर आहे, शेजारच्या आजोबांच्या गराजमधून घेतलेला, तो रिस्टोअर करायला काढलाय. रंग, टायर, सीट हे सगळं पैसे टाकले की होतं हो. इग्निशनचं, म्हणजे ठिणगी पाडून इंजिन पेटवणाऱ्या भागाचं, तसं नाही, तिथे पार्ट बसतो, स्क्रूची भोकं जुळतात, सगळं छान दिसतं आणि तरी पार्ट चुकीचा असतो.

व्हील हॉर्स ही मूळची इंडियानातल्या साउथ बेंडची कंपनी, १९८६ मध्ये टोरोने घेतली. पण माझ्या ट्रॅक्टरमधलं इंजिन कोहलरचं आहे, के-३०१, सिंगल सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर. हो, तेच कोहलर ज्यांचे नळ आणि कमोड आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये लोक मिरवतात. व्हील हॉर्सच्या बाकीच्या मॉडेलना टेकमसे, ब्रिग्ज, ओनान अशी कुठली कुठली इंजिनं होती, शिवाय पन्नास वर्षांत मधल्या मालकाने अख्खं इंजिनच बदललेलं असू शकतं. म्हणून ‘सी-१२० चे पॉइंट द्या’ (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठीचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी कॉन्टॅक्टची जोडी) म्हटलं की काका नुसती मान हलवतात आणि इंजिनवरच्या प्लेटचा फोटो मागतात, मॉडेल नंबर, स्पेक नंबर, सिरीयल नंबर, तिन्ही दिसले पाहिजेत. माझ्या प्लेटवर तेलाचं असलं किटण बसलेलं की ब्रेक क्लीनर आणि जुना टूथब्रश घेऊन घासावं लागलं. मग काकांचा पुढचा प्रश्न, मॅग्नेटो की बॅटरी इग्निशन, म्हणजे ठिणगीची वीज इंजिन फिरून स्वतःच तयार करतं की बॅटरीतून येते? के सिरीजमध्ये दोन्ही प्रकार निघाले, आणि हा प्रश्न न विचारता जो कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा पार्ट) विकतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आजोबांनी ट्रॅक्टरबरोबर एक न फोडलेलं स्वस्तातलं ट्यून-अप किट पण दिलं होतं, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा पार्ट), प्लग, कॉइल सगळं एका खोक्यात, वर लिहिलेलं की सगळ्या के सिरीजला चालतं. ते मी तसंच काउंटरवर नेऊन ठेवलं. काकांनी पॉइंट उचलून उजेडाकडे धरले आणि मला दाखवले: दोन कॉन्टॅक्ट समोरासमोर येतच नव्हते, नुसती कडेला कड टेकत होती, वर पिव्होटमध्ये खडखड. गंमत म्हणजे ‘सगळ्यांना चालतं’ हे पॉइंटच्या बाबतीत जवळपास खरं आहे, या छोट्या-मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांना कोहलरचा एकच पॉइंट लागतो, ४७ १५० ०३. प्लगच्या बाबतीत मात्र साफ खोटं. के-१६१, के-१८१ ला चॅम्पियनचा आरसीजे-८ आणि के-२४१ पासून पुढे एच-१० सी, आटे दोन्हीचे १४ मिलिमीटरचे त्यामुळे बसतात दोन्ही, पण खाली जाणारी लांबी वेगळी. किटमध्ये होता छोटा.

खरा घोळ कॉइलमध्ये. काकांनी ड्रॉवरमधून मल्टीमीटर काढून किटमधल्या कॉइलच्या दोन बोल्टांना टेकवला, रीडिंग दीड ओहम. म्हणजे ही जुन्या मोटारींची कॉइल, जिच्या आधी बाहेरून एक रेझिस्टर लावलेला असतो. माझ्या ट्रॅक्टरमध्ये तो रेझिस्टर नाहीच, स्विचमधून सरळ १२ व्होल्ट कॉइलला जातात. दीड ओहमला १२ व्होल्ट म्हणजे ८ अँपिअर, बिचाऱ्या पॉइंटना झेपणार कसे? सुरुवातीला गाडी मस्त चालते, मग कॉइल तापते, पॉइंट काळे पडतात आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलून बसतो. मग मी पिशवीतून ट्रॅक्टरची मूळ कॉइल काढून दिली, धुळीने माखलेली, बोल्ट गंजलेले, म्हटलं ही तर गेलीच असणार. तिचं रीडिंग आलं चारच्या आसपास, म्हणजे साधारण ३ अँपिअर, सेकंडरी, म्हणजे प्लगकडे जाणारी बाजू, पण व्यवस्थित. काका म्हणाले, हीच लाव, नवीन कशाला घेतोस. हातात आलेलं गिऱ्हाईक असं सोडणारा दुकानदार मला तरी इकडे दुसरा भेटलेला नाही.

घेतलं काय मग? ओरिजिनल पॉइंट, ओरिजिनल कंडेन्सर, एच-१० सी प्लग, पॉइंटच्या कव्हरचं गॅस्केट आणि इग्निशन स्विच. स्विचवर थोडं जास्त सांगतो कारण यात भलेभले फसतात. मॅग्नेटोचा आणि बॅटरीचा स्विच मागून बघितले तर तसेच पाच पिना, तीच किल्ली, तेच भोक. पण मॅग्नेटोचा स्विच बंद केला की ‘एम’ पिन बॉडीला जोडतो, तिथून कॉइलला करंट देणं हे त्याचं कामच नाही. बॅटरी इग्निशनला ‘आय’ पिनवर १२ व्होल्ट लागतात, आणि ते रनला पण आले पाहिजेत आणि स्टार्टला पण. आजोबांनी कधीतरी बसवलेल्या स्विचला ते फक्त रनला येत होते, त्यामुळे किल्ली धरून ठेवा, स्टार्टर गरगर फिरतोय, ठिणगीचा पत्ता नाही, आणि किल्ली सोडली की फट्कन एक फायरिंग. हे लक्षण दिसलं तर बाकी काही खोलू नका, स्विच बघा. आणि उलटं म्हणजे मॅग्नेटोवाल्या इंजिनला बॅटरीचा स्विच लावून त्यात १२ व्होल्ट सोडले तर मॅग्नेटोची कॉइल जाऊ शकते, ते जास्त महागात पडतं.

बसवायला तासभर पण लागत नाही, राजदूतचे सीबी पॉइंट ज्याने सेट केलेत त्याला काहीच नवीन नाही, उलट सोपं, कारण इथे पॉइंट इंजिनच्या बाहेर बाजूला आहेत, कॅमशाफ्टवरून एक छोटा पुशरॉड येतो तो उघडतो. तो पुशरॉड अडकत नाही ना आणि त्याच्या बाजूने तेल पॉइंटवर येत नाही ना ते आधी बघा, नाहीतर नवे पॉइंट पण तेलात. नव्या कॉन्टॅक्टवर गंज लागू नये म्हणून पातळ थर असतो, काकांनी सांगितल्याप्रमाणे क्लीनरमध्ये भिजवलेलं व्हिजिटिंग कार्ड मधून ओढून तो पुसला. पॉइंट पूर्ण उघडले की मधला गॅप ०.०२० इंच. पण तेवढ्यावर थांबू नका, फ्लायव्हीलवर ‘एस’ खूण आहे, टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) २० अंश आधी, ती भोकात दिसते तेव्हाच पॉइंट नुकते उघडले पाहिजेत, मीटर लावून बघा आणि त्यासाठी गॅप किंचित इकडेतिकडे झाला तरी चालतो.

आता कापलेला स्टार. भाव चढे आहेत, एकटा पॉइंटचा सेट जवळपास त्या अख्ख्या किटच्या किमतीला पडला. इलेक्ट्रिकल पार्ट फोडला की परत घेत नाहीत, हे पावतीवर बारीक अक्षरात आहे, तोंडाने कोणी सांगत नाही. पार्किंग नावालाच. आणि शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला शटर खाली, तुम्ही दारात उभे असलात तरी. जाणार असाल तर आठवड्यात सकाळी जा, प्लेटचा फोटो काढून न्या आणि जुने काढलेले पार्ट फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या.