जिम्नी, अकरा महिने आणि डिकीत न मावणारी पेटी

मी पशुवैद्य आहे. भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने हिर्डोशी खोऱ्यातल्या वाड्यांवर माझं काम असतं. अकरा महिन्यांत मारुती सुझुकी जिम्नी १९,००० किलोमीटर चालवली, मॅन्युअल गिअरची. विकत घेण्याआधी जेवढे रिव्ह्यू पाहिले ते सगळे एका शनिवार-रविवारचे होते, म्हणून हे लिहितेय.

तक्रारीपासूनच सुरुवात करते. डिकी २०८ लिटरची. औषधांची पेटी, गमबूट, वासरू ओढायच्या साखळ्या, दोर आणि पाण्याचा कॅन एवढ्यातच ती भरते, आणि पेटी तर आडवीही बसत नाही. मागची एक सीट कायमची पाडून ठेवावी लागली. म्हणजे चार जणांची गाडी माझ्यासाठी तिघांचीच झाली.

गंमत म्हणजे हिची मूळ पणजी तीनच सीटची होती, आणि तिथेही जागा खाणारी वस्तू होती: स्टेपनी.

हे कळलं ते चिडून शोधाशोध केल्यावर. जिम्नी मुळात सुझुकीची नाहीच. टोकियोत होप मोटर कंपनी नावाचा एक छोटा कारखाना होता, होपस्टार नावाच्या तीनचाकी गाड्या बनवणारा. दाइहात्सूची मिजेट आणि माझदाची के३६० बाजारात आल्यावर अशा छोट्यांचा निभाव लागणं अवघड होतं. होपच्या मालकांनी मग १९६७ च्या सुमारास वेगळाच डाव टाकला: मित्सुबिशीचं ३५९ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन घेऊन चारही चाकांना ताकद देणारी चिमुकली गाडी, ओएन३६०. कल्पना फक्कड, पण खपल्या मोजक्याच. बनवत राहायला पैसा हवा, तो नव्हता. १९६८ मध्ये तिचे हक्क सुझुकीकडे गेले. सुझुकीत ओसामू सुझुकींनी, जे पुढे कंपनीचे प्रमुख झाले, तो सौदा लावून धरला. होप पुढे करमणूक उद्यानांतले पाळणे आणि खेळण्यातल्या गाड्या बनवायला लागली. हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरांना काय माहीत!

जपानमधल्या तेव्हाच्या 'केई' म्हणजे हलक्या गाड्यांसाठी कर कमी होता, पण अट कडक: इंजिन ३६० सीसी, लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर. सुझुकीने स्वतःचं हवेवर थंड होणारं २५ अश्वशक्तीचं इंजिन बसवून एप्रिल १९७० मध्ये एलजे१०, म्हणजे पहिली जिम्नी, बाजारात आणली. स्टेपनी मागे टांगली तर लांबी ३ मीटरच्या बाहेर जाणार. म्हणून ती आत घेतली आणि चौथी सीट गेली.

माझ्या गाडीची स्टेपनी मागच्या दारावर आहे आणि तिच्यासकट लांबी ३,९८५ मिलिमीटर, आपल्याकडच्या छोट्या गाड्यांसाठीच्या ४ मीटरच्या रेषेच्या जेमतेम आत. पण इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणजे सवलतीच्या मर्यादेपेक्षा मोठं, त्यामुळे छोट्या गाडीची करसवलत नाहीच. मग ही काटकसर कशासाठी, हे मला अजून उमगलेलं नाही.

मधली पिढी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. १९८५ साली मारुतीने जिप्सी आणली, ती याच वंशातली. ताडोबाला सफारी बुक करताना गाडी कुठलीही आली तरी आपण 'जिप्सी' म्हणतो.

आता मुद्द्याचं. आषाढात चिखलणी चालू असताना रात्री फोन आला, गाय अडली होती. वाडीच्या अलीकडच्या उतारावर एक लोडिंग पिकअप पाट्यापर्यंत रुतून बसलेली. बाजूने जेमतेम बैलगाडीएवढी वाट. बॅटरी घेऊन पुढे आलेले आजोबा म्हणाले, "जाईल बाई, बारीक गाडी हाये तुमची." थांबून, क्लच दाबून दांडा ४एल मध्ये, म्हणजे चारही चाकांना संथ पण जोरदार ताकद देणाऱ्या गिअरमध्ये टाकला. अर्ध्यावर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी. नवखा माणूस इथे पाय काढतो आणि फसतो. ॲक्सिलरेटर हलका पण स्थिर धरायचा. गाडी मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला आपणच ब्रेक लावते, खालून कट-कट-कट असा आवाज येतो, आणि जमिनीला टेकलेली चाकं ओढायला लागतात. चढून गेले. यात शौर्य काही नाही. वजन बाराशे किलोच्या आसपास आहे, एवढंच. कालवड जगली, गायही.

हलकेपणाची दुसरी बाजू खंबाटकीनंतरच्या मोकळ्या हायवेवर कळते. आडवा वारा सुटला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत, त्यामुळे खड्ड्यात एक बाजू हलली की दुसरीलाही बातमी जाते. मागे बसून पुण्याला आलेल्या सासूबाई उतरताना म्हणाल्या, "गाडी छान आहे, पण परत मी एसटीने जाईन."

ॲव्हरेज मला १३ ते १४ मिळतं. कागदावर १६.९४ आहे. मध्ये दोन महिने ११ वर आलं होतं, तो दोष माझा आणि पुण्यातल्या एका ॲक्सेसरीजवाल्याचा. त्याने "मॅडम, रुबाब येईल" म्हणून रुंद, जड टायर गळ्यात मारले. वळताना ते आतल्या प्लास्टिकला घासायचे, आणि चिखलात जुन्या अरुंद टायरइतकी पकडही नव्हती. अरुंद टायर चिखल कापून खाली कठीण जमिनीपर्यंत जातो, हे मला माझ्याच तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. परत १९५/८० आर१५ वर आले. पैसे गेले ते गेलेच.

घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना मी आधी विचारते की तुमच्या घराचा रस्ता कुठे संपतो. सोसायटीच्या गेटवर संपत असेल तर याच पैशात दुप्पट डिकीची गाडी येते. आपल्याकडे शोरूममध्ये जिम्नी कधी फार उठली नाही, पण इथेच बनलेली हीच पाच दारांची गाडी जानेवारी २०२५ मध्ये 'नोमाड' नावाने जपानला गेली, तर चार दिवसांत ५०,००० बुकिंग झाल्यामुळे नोंदणी थांबवावी लागली.

एक बारीक सूचना. मागचं दार आडवं उघडतं, त्यामुळे गोठ्यासमोर पाठ करून गाडी लावू नका. पेटी काढायला जागा राहत नाही. शिवाय म्हशींना ती स्टेपनी अंग घासायला फार आवडते. माझं रेक्झिनचं कव्हर उसवलंय, नवं मागवलंय.