रामबागेतला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचा संध्याकाळचा वर्ग : पाचपैकी चार तारे

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करते. एलएलएमच्या तयारीसाठी या वर्गाला नाव घातलं. दोन महिन्यांची फी ४,००० रुपये. साडेसहा म्हणजे साडेसहालाच सुरू होतो, कोर्टातून थेट गाठता येतो.

पैसे वसूल झाले ते एका प्रश्नावर. युद्धगुन्हेगारांवर खटले भरल्याने पुढचे अत्याचार थांबतात का? सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. मे १९९३, युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी न्यायाधिकरण. खाली, जुलै १९९५, स्रेब्रेनित्सा (पूर्वीच्या युगोस्लाव्हियातलं, बोस्नियातलं गाव), ८,००० हून जास्त पुरुष आणि मुलगे ठार. "कोर्ट होतं, तरी हे झालं. का?" एवढं विचारून खडू ठेवला आणि खाली बसले. पुढचा तासभर आम्हीच भांडलो.

माझं म्हणणं तिथेही हेच होतं. शिक्षेच्या वर्षांना कोणी भीत नाही, आपण सापडणारच असं वाटलं तरच हात आखडतो. स्रेब्रेनित्साचं हत्याकांड करणाऱ्या बोस्नियन सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच सापडला थेट २०११ मध्ये. सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशीर याच्यावर २००९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट निघालं, तरी २०१५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन सुखरूप परत आला. या न्यायालयाला स्वतःचे पोलीसच नाहीत!

केनियाचं प्रकरण तर अजून डोक्यातून जात नाही. २००७ च्या निवडणुकीनंतर हजाराहून जास्त माणसं मारली गेली, हेगमध्ये खटले उभे राहिले आणि २०१३ ची निवडणूक बरीच शांततेत पार पडली. पण त्याच निवडणुकीत आरोपी केन्याटा राष्ट्राध्यक्ष झाले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. साक्षीदार हातचे गेले की खटल्याचं काय होतं, ते आमच्याकडे चोरी-मारामारीच्या केसमध्येही दिसतं. तरी धाक बसतो असंच मी म्हणेन. ज्याला खुर्ची, परदेशी मदत, जगात उठबस टिकवायची आहे, त्याला तो नक्की बसतो.

एक तारा कापला तो नोट्ससाठी. झेरॉक्स इतकी फिकी की तळटीपा लागत नाहीत. शिवाय हेगचं हे न्यायालय ज्याने उभं राहिलं त्या रोम कराराबाहेर भारत का राहिला, हे दहा मिनिटांत उरकलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातलं न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं भिन्नमत निकालपत्र राहूनच गेलं. इंदूरच्या वकिलांना शिकवताना या दोन विषयांना प्रत्येकी एक पूर्ण संध्याकाळ द्यायलाच हवी. सर, पुढच्या बॅचला एवढं कराच.